नेत्याचा स्वभाव आणि पर्यावरणाची फाईल

अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन हे काही निसर्गवेडे गृहस्थ नव्हते. एप्रिल १९७१ मध्ये मोटार उद्योगातले दोन बडे अधिकारी त्यांना भेटायला आले होते. पर्यावरणवाद्यांना माणसाने जनावरांसारखं जगायला हवंय, अशा अर्थाचं काहीतरी निक्सन त्यांच्यासमोर बोलले आणि ते व्हाइट हाऊसच्या गुप्त टेपवर कायमचं उमटलं. आता याच माणसाच्या सह्या बघा. १ जानेवारी १९७० ला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा झाला. सरकारने मोठं काम हाती घेण्याआधी त्याचे परिणाम तपासून लोकांसमोर मांडायचे, हे बंधन त्यातून आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सुरू झाली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी स्वच्छ हवेचा कायदा आला आणि १९७३ मध्ये नामशेष होऊ घातलेल्या प्रजातींचा.

हे झालं कसं? १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बराजवळ समुद्रात तेल पसरलं होतं, ओहायोतल्या कायाहोगा नदीने पेट घेतला होता, आणि २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला सुमारे दोन कोटी अमेरिकी नागरिक सामील झाले. पुढच्या निवडणुकीत समोर उभे राहतील असे वाटणारे सेनेटर एडमंड मस्की याच विषयावर नाव कमावत होते. निक्सन यांना प्रतिस्पर्ध्याच्या हाती विषय जाऊ द्यायचा नव्हता. शिवाय त्यांचं सगळं चित्त परराष्ट्र धोरणात होतं, त्यामुळे देशातला कारभार त्यांनी बराचसा जॉन अर्लिकमन यांच्यावर सोपवला. हे अर्लिकमन राजकारणात येण्याआधी सिअॅटलमध्ये जमीनवापराच्या प्रकरणांत वकिली करायचे, आणि त्यांना हा विषय कळत होता. म्हणजे स्पर्धेची खुमखुमी आणि आपल्याला रस नाही ते दुसऱ्याला देऊन टाकायची सवय, या दोन गोष्टींनी जे केलं ते निसर्गप्रेमाने केलं असतं की नाही, शंकाच आहे. त्यांचा कल कुठे होता ते १९७२ मध्ये दिसलंच. स्वच्छ पाण्याच्या कायद्याचा खर्च फार होतो म्हणून त्यांनी नकाराधिकार वापरला, आणि अमेरिकी काँग्रेसने तो झुगारून कायदा केला.

म्हणून नेत्याला झाडं आवडतात का, या प्रश्नाला मी फार किंमत देत नाही. नको असलेली माहिती समोर आली की तो काय करतो, निर्णय मुठीत ठेवतो की सोपवतो, विरोध करणाऱ्याशी वाटाघाट करतो की त्याचा हिशेब चुकता करतो, हे प्रश्न धोरणाबद्दल जास्त सांगतात.

याच विषयात स्वभाव एवढा का चालतो?

सगळ्याच धोरणांवर नेत्याची छाप असते, पण पर्यावरणाच्या बाबतीत ती जरा जास्तच पडते. यातला खर्च आज करायचा असतो आणि फायदा वीस-तीस वर्षांनी, कधी दुसऱ्याच देशाला मिळतो. कारखाना बंद झाला तर ज्याची नोकरी जाते तो उद्या मोर्चा काढतो. हवा सुधारल्यामुळे जो आजारी पडलाच नाही, त्याला आपण वाचलो हे कळतही नाही. अशा वेळी निवडणुकीचा हिशेब नेत्याला एका बाजूला ढकलत असतो. त्याविरुद्ध जायचं की नाही, ते बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्या घडणीवर ठरतं.

दुसरं कारण कमी दिसतं, पण मला तेच मोठं वाटतं. पर्यावरण कायद्याचा जीव अंमलबजावणीत असतो, आणि अंमलबजावणी संसदेसमोर येत नाही. परवानगी किती दिवसांत द्यायची, सवलत कोणाला, दंड वसूल करायचा की अपिलात कुजू द्यायचा, निरीक्षकांच्या जागा भरायच्या की रिकाम्या ठेवायच्या, हे सगळं कायद्याचा एकही शब्द न बदलता फिरवता येतं. वरच्या माणसाच्या मनात काय आहे ते खालच्या अधिकाऱ्याला लेखी सांगावं लागत नाही.

तरी सगळं स्वभावावर ढकलणंही चूक. राज्यशास्त्रज्ञ फ्रेड ग्रीनस्टाइन यांनी याची एक साधी कसोटी दिली. परिस्थिती अजून घट्ट झालेली नसेल, ती व्यक्ती मोक्याच्या जागी असेल आणि तिच्या अंगी कसब असेल, तर व्यक्तीमुळे फरक पडतो. यातलं काही नसेल तर कोणीही खुर्चीवर असलं तरी तेच घडलं असतं.

स्वभाव मोजतात कसा?

नेत्याला मानसशास्त्रज्ञासमोर बसवून प्रश्नावली भरून घेता येत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मार्गारेट हर्मन यांनी त्यावर वाट काढली, ती म्हणजे नेत्याचं बोलणं तपासणं. त्यातही लिहून आणलेलं भाषण शक्यतो टाळायचं, कारण ते बहुधा दुसऱ्यानेच लिहिलेलं असतं. मुलाखतीत, पत्रकार परिषदेत तोंडातून आयत्या वेळी जे निघतं ते घ्यायचं आणि त्यात कोणत्या प्रकारचे शब्द किती वेळा येतात ते मोजायचं. त्यांनी सात गुण मांडले. आपल्या विषयाला त्यातले तीन विशेष लागू पडतात.

पहिला, घटना आपल्या काबूत ठेवता येतात यावरचा विश्वास. हा ज्याच्यात दांडगा असतो तो मोठे बेत आखतो, नद्या वळवतो, समुद्र हटवतो. दुसरा, एकाच गोष्टीच्या अनेक बाजू पाहण्याची क्षमता. ‘कदाचित’, ‘बहुतेक’ असे शब्द वापरणारा नेता आणि ‘नक्की’, ‘कधीच नाही’ असं बोलणारा नेता हवामानाच्या अंदाजांकडे वेगळ्या नजरेने पाहतात, कारण त्या विज्ञानाची भाषाच शक्यतांची आहे. तिसरा, इतरांविषयीचा संशय. शास्त्रज्ञ, परदेशी सरकारं आणि स्वयंसेवी संस्था हे सगळे आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटणारा नेता आंतरराष्ट्रीय करारात कसा वागेल, ते वेगळं सांगायला नको. ही मोजणी मुळात परराष्ट्र धोरण समजून घेण्यासाठी तयार झाली, त्यामुळे पर्यावरणाला ती थोडी ओढूनताणून लावावी लागते. पण दिशा दाखवायला पुरते.

‘नाही’ म्हणणाऱ्याचं काय होतं?

पहिला गुण टोकाला गेला आणि सभोवती कोणी बोलेनासं झालं, की काय होतं ते माओच्या चीनमध्ये दिसलं. १९५८ च्या मोहिमेत उंदीर, माश्या, डास यांच्याबरोबर चिमण्यांनाही शत्रू ठरवलं गेलं, कारण त्या धान्य खातात. लोकांनी भांडी बडवून चिमण्यांना टेकू दिलं नाही, त्या थकून पडून मेल्या. चिमणी किडेही खाते हे प्राणिशास्त्रज्ञांना ठाऊक होतं, पण ते वेळेवर वर पोहोचलं नाही. १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला गेला, तोवर कीड माजली होती. त्या काळातल्या भीषण दुष्काळाची कारणं अनेक होती, धान्याची सक्तीची वसुली आणि खोटे आकडे ही त्यातली मोठी. चिमण्यांची मोहीम त्यात भर घालणारी ठरली.

ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणाची तितकीशी ऐकलेली नसते, पण आपल्या विषयाला ती जास्त जवळची आहे. पीत नदी जगातल्या सर्वांत गढूळ नद्यांपैकी एक. तिच्यावर सोव्हिएत मदतीने प्रचंड धरण बांधायचं ठरलं. छिंगह्वा विद्यापीठातले जलतज्ज्ञ ह्वांग वानली यांनी सांगितलं की जलाशय गाळाने भरेल आणि वरच्या बाजूला पूर येतील. १९५७ मध्ये बुद्धिजीवींविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा ह्वांग यांच्यावर ‘उजव्या विचारांचे’ असा शिक्का बसला. १९६० मध्ये धरण पाणी अडवू लागलं. दोन वर्षांच्या आत गाळ इतका साचला की ते धरण नेहमीसारखं चालवणंच सोडून द्यावं लागलं आणि पुढे गाळ बाहेर काढण्यासाठी बोगदे पाडून त्याची पुनर्रचना करावी लागली. देशात ज्ञान नव्हतं असं म्हणता येत नाही. ते ज्याच्याकडे होतं त्याला गप्प बसवलेलं होतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर. नौदलात अणुतंत्राचं शिक्षण घेतलेला, फाईलचं पान न पान वाचणारा माणूस. १९७७ मध्ये त्यांनी स्वेटर घालून टीव्हीवरून देशाला ऊर्जा वाचवायला सांगितलं, १९७९ मध्ये व्हाइट हाऊसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेल बसवली. त्यांचं म्हणणं बऱ्याचदा बरोबर असायचं. पण सत्तेवर येताच त्यांनी दीड डझनाहून अधिक धरण-कालव्यांच्या कामांचा निधी कापायचं ठरवलं, तेही ज्यांच्या मतदारसंघात ती कामं होती त्यांना आधी विश्वासात न घेता. आपल्याच पक्षाचे लोक दुखावले आणि त्या कटुतेने पुढची कामं अडली. मुद्दा पटवण्यासाठी तो बरोबर असणं पुरेसं आहे, असं वाटणाऱ्या हुशार माणसांची ही नेहमीची खोड. छपरावरची पॅनेल १९८६ मध्ये, त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या रेगन यांच्या काळात उतरवली गेली.

कार्टर यांचं जे टिकलं ते अलास्कात. तिथली जमीन राखण्याचा कायदा काँग्रेसमध्ये रखडला, तेव्हा डिसेंबर १९७८ मध्ये त्यांनी १९०६ च्या एका जुन्या कायद्याखाली साडेपाच कोटी एकरांहून अधिक जमीन थेट संरक्षित जाहीर केली. मग विरोधकांना तडजोडीला यावं लागलं आणि निवडणूक हरल्यानंतर, डिसेंबर १९८० मध्ये, त्यांनी दहा कोटींहून अधिक एकरांच्या कायद्यावर सही केली. तो १९०६ चा कायदा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळातला. रूझवेल्ट यांचा स्वभाव असा, की कायद्याने मनाई केलेली नाही ना, मग करायचं. १९०७ मध्ये काँग्रेसने सहा राज्यांत नवी राखीव जंगलं जाहीर करण्याचा त्यांचा अधिकार काढून घेणारं विधेयक पाठवलं. सही करायला हातात थोडे दिवस होते. तेवढ्यात त्यांनी सुमारे १ कोटी ६० लाख एकर जंगल राखीव करून टाकलं आणि मगच त्या विधेयकावर सही केली.

प्रेम आणि अधिकार एकाच हातात

निसर्गाची खरी ओढ आणि मुठीत सत्ता, असं दोन्ही जुळून आलेलं उदाहरण म्हणजे इंदिरा गांधी. पक्ष्यांची त्यांना लहानपणापासून आवड. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर बोललेल्या त्या एकमेव सरकारप्रमुख. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प, १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा, १९८० मध्ये वन संवर्धन कायदा, १९८१ मध्ये हवेचा. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत वीजप्रकल्प हवा म्हणून राज्य सरकार अडून बसलं होतं. तो प्रकल्प शेवटी सोडून द्यावा लागला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

त्यांची काम करण्याची रीत पत्रांची होती. १९८१ मध्ये त्यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. तेव्हा त्यामागे स्वतंत्र कायदा नव्हता, पत्र कोणाचं आहे एवढंच त्याचं वजन होतं. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत ते ५०० मीटर कायद्याच्या भाषेत आले.

आता याची दुसरी बाजू. राज्यघटनेत पर्यावरणरक्षणाचं कलम ४८क आणि नागरिकांचं तसं कर्तव्य सांगणारं ५१क आलं ते बेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७६ मध्ये. म्हणजे आणीबाणीत, विरोधी नेते तुरुंगात असताना. जंगलं आणि वन्यप्राणी हे विषय राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा यादीत, गेले तेही त्याच दुरुस्तीत, आणि १९८० चा वन कायदा करायला केंद्राला त्याचाच आधार मिळाला. व्याघ्र प्रकल्पात वाघाला जागा मिळाली, पण त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना विचारायची पद्धत त्यात नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेतच वननिवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. वरून आलेला निर्णय झपाट्याने होतो आणि ज्याच्या अंगणात तो पडतो त्याचा आवाज त्यात नसतो. माझ्या मते त्यांच्या पर्यावरण कामगिरीचं कौतुक आणि ही टीका वेगवेगळी करता येत नाही, कारण दोन्ही एकाच शैलीतून आलेली आहेत.

जर्मनीच्या चॅन्सेलर राहिलेल्या अँगेला मेर्केल यांची तऱ्हा वेगळी. भौतिकशास्त्रात शिक्षण, क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट, १९९४ ते १९९८ पर्यावरणमंत्री. माहिती पुरी येईपर्यंत थांबायचं, मग हलायचं. २०१० मध्ये त्यांच्या सरकारने अणुभट्ट्यांचं आयुष्य वाढवलं. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला आणि काही दिवसांतच सर्वांत जुन्या भट्ट्या थांबवल्या गेल्या. ३० जूनला संसदेने २०२२ पर्यंत सगळ्या बंद करायचं ठरवलं. शास्त्रज्ञाने धोक्याचा अंदाज नव्याने मांडला म्हणायचं, की त्याच मार्चमध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ग्रीन पक्षाला निवडणुकीत मिळालेलं यश पाहून राजकारण्याने वारा ओळखला? मला दोन्ही खरं वाटतं. याच मेर्केल यांनी २०१३ मध्ये मोटारींच्या धुरावरचे युरोपीय नियम लांबवण्यासाठी जोर लावला होता. विज्ञानाचं शिक्षण झालं म्हणून मोटार उद्योगाचा दबाव कमी होत नाही.

स्वभावाचं फार कौतुक करायला नको

ओझोनची गोष्ट नेहमी व्यक्तींच्या नावाने सांगितली जाते. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्र शिकलेल्या, त्यामुळे त्यांना रेणूंचं गणित समजलं. रोनाल्ड रेगन यांच्या नाकावरचा त्वचेचा कर्करोग १९८५ मध्ये काढावा लागला होता, म्हणून ते तयार झाले. किस्से चांगले आहेत आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण १९८७ च्या माँट्रियल करारामागे बरंच काही होतं. ओझोनचा थर झिजवणारे सीएफसी वायू बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्याय नजरेच्या टप्प्यात होते, आणि रेगन यांच्याच आर्थिक सल्लागारांनी हिशेब करून करार फायद्याचा असल्याचं सांगितलं होतं. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत यातलं काहीच इतकं सोपं नाही. थॅचर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत हवामानबदलावर कळकळीने बोलल्या, तरी त्यातून ओझोनसारखा करार निघाला नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाबतीतही हेच. स्कॉटलंडमधल्या त्यांच्या गोल्फ मैदानासमोरच्या पवनचक्क्यांविरुद्ध ते कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. २० जानेवारी २०२५ ला दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी नवे भाडेपट्टे देणं थांबवलं. जुना राग आणि नवा आदेश यांचं नातं जोडायचा मोह होतो. मात्र त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत कोळशाला एवढा पाठिंबा देऊनही कोळशाची वीजकेंद्रं बंद पडतच राहिली, कारण नैसर्गिक वायू स्वस्त होता. बाजारभाव कोणाच्या स्वभावाला विचारत नाही.

दंडाची पावती आणि उपग्रहाचे आकडे

ब्राझीलमध्ये मात्र माणूस बदलल्याचा परिणाम उपग्रहाच्या आकड्यांतच दिसतो. २००४ मध्ये अॅमेझॉनचं सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं होतं. तेव्हा लुला राष्ट्राध्यक्ष होते आणि मरिना सिल्वा पर्यावरणमंत्री. रबराचा चीक काढणाऱ्या कुटुंबातल्या आणि सोळाव्या वर्षी लिहायला-वाचायला शिकलेल्या मरिना सिल्वांनी अनेक मंत्रालयांना एका योजनेत बांधलं आणि उपग्रहाची माहिती थेट छापे घालणाऱ्यांच्या हातात दिली. २०१२ पर्यंत वार्षिक तोड सुमारे ४,६०० वर आली.

त्याच २०१२ मध्ये झाईर बोल्सोनारो नावाच्या एका खासदाराला संरक्षित सागरी क्षेत्रात मासेमारी केल्याबद्दल ‘इबामा’ या पर्यावरण यंत्रणेने दंड केला. २०१९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांत दंड करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या पदावरून हटवलं गेलं. ऑगस्टमध्ये अवकाश संशोधन संस्थेचे प्रमुख रिकार्डो गाल्व्हाव यांची पाळी आली. जंगलतोडीचे आकडे खोटे असल्याचं बोल्सोनारो म्हणाले होते आणि गाल्व्हाव यांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं होतं. कायदे जवळपास तेच होते. पण जंगल तोडणाऱ्याला आणि त्याला पकडणाऱ्याला, दोघांनाही जे समजायचं ते समजलं. २०२१ मध्ये तोड सुमारे १३,००० चौरस किलोमीटरवर पोहोचली.

२०२३ मध्ये लुला परतले, मरिना सिल्वाही परतल्या, गाल्व्हाव यांना राष्ट्रीय विज्ञान परिषदेचं प्रमुखपद मिळालं आणि २०२४ पर्यंत आकडा सुमारे ६,३०० वर उतरला. इथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. लुला कामगार संघटनेतून आलेले, सौदा जमवण्यात वाकबगार. त्यांच्या आघाडीत जंगलवालेही असतात आणि धरणवालेही. मरिना सिल्वा २००८ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडल्या होत्या त्या याच ओढाताणीमुळे. अॅमेझॉनच्या मुखाजवळ समुद्रात तेल शोधायचा परवाना इबामा देत नव्हती, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये लुला यांनी जाहीरपणे वैताग व्यक्त केला की ही सरकारी संस्था सरकारच्या विरोधात असल्यासारखी वागते. ऑक्टोबरमध्ये सरकारी तेल कंपनीला विहीर खणायचा परवाना मिळाला. बेलेमला जागतिक हवामान परिषद भरायला तेव्हा तीन आठवडे उरले होते.